क्लीव्हलँडमध्ये कोणता संघ आपला मानावा : गार्डियन्स की कॅव्हेलियर्स?

नोकरीसाठी अमेरिकेतील क्लीव्हलँडला निघालेल्या एका स्नेह्यांपुढे हा प्रश्न आहे.

प्रतीक्षेच्या बाबतीत बेसबॉलचा गार्डियन्स अधिक कठोर आहे. त्याचे शेवटचे विजेतेपद १९४८ सालचे. २०१६च्या अंतिम मालिकेत शिकागो कब्सविरुद्ध ३-१ अशी आघाडी असूनही त्याने सातवा सामना दहाव्या डावात गमावला. त्याच वर्षी जूनमध्ये बास्केटबॉलच्या कॅव्हेलियर्सने गोल्डन स्टेटविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून मालिका जिंकली. निर्णायक सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी असताना लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन गोल्डन स्टेटच्या इग्वोडालाचा चेंडू टोपलीमागच्या फळ्यावरच अडवला, त्यानंतर कायरी अर्व्हिंगने तीन गुण मिळवले, आणि शहराच्याच ब्राऊन्स संघाच्या १९६४च्या अमेरिकन फुटबॉल विजेतेपदानंतर शहराने सोसलेला ५२ वर्षांचा दुष्काळ संपला. माझ्या मते शहराच्या क्रीडा-इतिहासात याला तोड नाही.

मात्र हे यश एका खेळाडूवर फार अवलंबून होते. २०१०मध्ये जेम्स काही वर्षांसाठी दुसऱ्या संघात गेल्यावर संघाचे विजय एका हंगामात ६१वरून १९वर आले होते.

खर्चाचे गणित सोपे आहे. बेसबॉलचे घरचे सामने ८१, बास्केटबॉलचे ४१. त्यामुळे गार्डियन्सचे तिकीट सहसा स्वस्त पडते.

उन्हाळ्यात कुटुंबासह वारंवार मैदानावर जायचे असेल आणि धीर असेल, तर गार्डियन्स निवडावा. हिवाळ्यात बंदिस्त सभागृहातला वेगवान खेळ हवा असेल, तर कॅव्हेलियर्स.