नागपूरच्या धरमपेठेतलं फिजिओथेरपी क्लिनिक: घोटा मुरगळल्यावरचे ८ आठवडे
कथ्थकच्या रियाजात चक्कर घेताना माझा उजवा घोटा आत वळला, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं. आधी एका ठिकाणी नुसता शेक देत राहिले, सूज उतरेचना. इथल्या मॅडमनी मात्र मोबाइलवर माझ्या ततकाराचा, म्हणजे कथ्थकमधल्या पायांच्या कामाचा, व्हिडिओ मागून पाहिला! असं कुणी विचारतं का हो? मग रबरी पट्टीचे व्यायाम, एका पायावर ३० सेकंद तोल, नंतर तोच डोळे मिटून. दुखऱ्या पायाच्या चवड्यावर सलग २५ वेळा न दुखता उठता आलं, तेव्हाच अनवाणी ततकार, तोही विलंबित लयीत. चक्कर त्यानंतर. घुंगरू सगळ्यात शेवटी, कारण त्यांचं वजन नेमकं घोट्यावरच येतं. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सुजल्या पायानं जिना फार जड जातो.