अर्थ नलस्कूल: ध्रुवावरचा वारा उलटताना बघायचाय तर हीच साइट

जगभरातला वारा हलत्या गोळ्यावर दाखवणारी, कॅमेरॉन बेकारियोने २०१३ मध्ये सुरू केलेली ही फुकट साइट आपल्याकडे बरेच जण फक्त अरबी समुद्रात वादळ आलं की उघडतात, भोवरा बघतात आणि बंद करतात. पण तिचा खरा माल वरच्या थरात आहे! खाली डाव्या कोपऱ्यातल्या 'अर्थ' वर क्लिक केलं की मेन्यू येतो, त्यात हाइटच्या ओळीत शेवटचा आकडा १० आहे, म्हणजे हवेचा दाब १० हेक्टोपास्कल असतो ती उंची, जमिनीपासून साधारण ३० किलोमीटर वर. तो निवडा आणि गोळा ओढून उत्तर ध्रुव समोर आणा.

आता वर पत्त्याच्या पट्टीत तारीख दिसते ती बदलून जानेवारी २०१८ च्या मध्यावर जा. ध्रुवाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे सुसाट फिरणारा मोठा भोवरा दिसेल, हिवाळ्यात तो असतोच. मग एकेक दिवस पुढे सरकत १२ फेब्रुवारीपर्यंत या. भोवरा लांबट होतो, फाटतो, एक तुकडा कॅनडाकडे जातो, दुसरा युरोप-आशियाकडे, आणि ६० अंश उत्तरेवरचा सरासरी वारा चक्क उलटा, पूर्वेकडून वाहायला लागतो. ओव्हरले टेम्पवर टाकलात तर ध्रुवाजवळची हवा किती तापली तेही दिसतं, खालून आलेल्या प्रचंड लाटा तिथे फुटतात म्हणून हे होतं. मला तरी हे बघण्याची याहून चांगली सोय माहीत नाही.

याचं एवढं कौतुक का, तर ध्रुवावर वारा उलटला की त्याचा धक्का थेट विषुववृत्तावर १०० किलोमीटरच्याही वर पोचतो. समुद्रासारखी हवेलाही भरती-ओहोटी असते, दिवसा ओझोन आणि बाष्प ऊन शोषतात त्यातून २४ आणि १२ तासांच्या लाटा उठतात आणि हवा विरळ होत जाते तशा वर जाताना मोठ्या होतात. (फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर बघा, सकाळी आणि रात्री दहाच्या आसपास दाब चढतो, चारच्या आसपास उतरतो, ती हीच भरती.) शिवाय चंद्राची एक आहे, १२ तास २५ मिनिटांची, एरवी बारीक. पण मधल्या थरातले वारे बदलले की वातावरणाचा स्वतःचा डोलण्याचा काळ या आकड्याच्या जवळ सरकतो आणि झोक्याला बरोबर वेळेवर धक्का बसावा तशी ती फुगते. ही फुगलेली भरती वरच्या वीजवाहक हवेला चुंबकीय क्षेत्रातून ढकलते, त्यातून विद्युत क्षेत्र तयार होतं आणि आयनोस्फिअर हलतं, म्हणजे जीपीएसचे सिग्नल ज्याला पार करून आपल्यापर्यंत येतात तो वीजभारित थर. जानेवारी २००९ मध्ये ध्रुवावरचा वारा असाच उलटला तेव्हा सूर्य अगदी शांत होता, तरी विषुववृत्ताजवळच्या पेरूतल्या हिकामार्का रडारला प्लाझ्मा, म्हणजे ही वीजभारित हवा, सकाळी जोरात वर आणि दुपारी खाली जाताना दिसला, आणि हे चक्र चंद्राच्या वेळेप्रमाणे रोज थोडं उशिरा सरकत होतं. किती जबरदस्त गोष्ट आहे ही!

आता साइटची मर्यादा. वाऱ्यासाठी १० हेक्टोपास्कलच्या वरचा थर नाही, त्यामुळे भरती स्वतः इथे दिसणार नाही, फक्त तिचं कारण दिसेल. आणि क्लिक केलं की त्या एका जागेचा वेग मिळतो, संपूर्ण ६० अंशाची सरासरी नाही, त्यासाठी नासाच्या ओझोन वॉचवरचा आलेख शेजारी उघडा, दोन्ही मिळून काम होतं. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापूर आणि तिरुनेलवेलीत ८०-९० किलोमीटरवरचे वारे मोजणारी रडार बसवलीत, त्यांचा रोजचा वारा असा सोप्या नकाशावर मिळाला तर काय बहार येईल, कॉलेजच्या पोरांना तर नक्कीच दाखवायला हवं.

मोबाइलवर चालते, पण ध्रुव नीट बघायला लॅपटॉपच घ्या. वेगाच्या आकड्याशेजारच्या युनिटवर क्लिक करून मीटर प्रति सेकंद करून ठेवा, आलेखाशी ताडून बघायला सोपं जातं. डिसेंबर ते मार्च मधूनमधून उघडत राहा, प्रत्येक हिवाळ्यात वारा उलटतोच असं नाही, पण उलटला तर अगदी ताजा बघायला मिळेल.