देशांची आर्थिक तुलना करताना जागतिक बँकेची खुली आकडेवारी कितपत भरवशाची?

जागतिक बँकेने एप्रिल 2010 मध्ये आपली आकडेवारी सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तोपर्यंत या माहितीचा मोठा भाग वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांच्या आणि संस्थांच्याच वाट्याला येत असे. आज ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट इंडिकेटर्स’ या संग्रहात 217 अर्थव्यवस्थांची माहिती असून जीडीपीपासून बालमृत्यूपर्यंतचे सुमारे दीड हजार निर्देशक आहेत आणि त्यांपैकी अनेकांच्या मालिका 1960 पासून सुरू होतात. नोंदणीची अट नाही, शुल्क नाही, आणि श्रेय दिले की पुनर्वापराची मुभा आहे. देशोदेशींच्या विकासाचा कल तपासू पाहणाऱ्या कोणालाही सुरुवात येथूनच करावी असे मी निःशंकपणे सांगेन. मात्र या सेवेचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे पहिल्याच पानावर दिसणारा आलेख, आणि सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे त्यामागे ठेवलेल्या टिपा, कोऱ्या सोडलेल्या जागा आणि जुन्या आवृत्त्यांचे जतन. बहुतेक वापरकर्ते पहिल्या आलेखावरच थांबतात, म्हणून या परीक्षणात मागच्या भागाकडे अधिक लक्ष दिले आहे.

पहिली अडचण निर्देशक निवडतानाच येते. शोधचौकटीत जीडीपी असे लिहिले की चालू डॉलरमधील (त्या त्या वर्षीच्या किमती आणि विनिमय दराने), स्थिर 2015 डॉलरमधील (महागाई वगळून, 2015 च्या किमतींत), क्रयशक्ती समतेनुसार (देशोदेशींच्या किमतींतील फरक जुळवून) चालू आंतरराष्ट्रीय डॉलरमधील आणि क्रयशक्ती समतेनुसार स्थिर डॉलरमधील अशा मालिका समोर येतात, शिवाय प्रत्येकीचे दरडोई रूप वेगळे. यांतून कोणती घ्यायची हे ठरवल्याशिवाय तुलनेला अर्थच येत नाही, पण संकेतस्थळ मात्र चालू डॉलरची मालिका सर्वांत सहज हाती देते. जपानचे उदाहरण पाहावे. चालू डॉलरमध्ये 2012 साली जपानचा जीडीपी सव्वासहा लाख कोटी डॉलरच्या आसपास होता आणि 2023 मध्ये तो सव्वाचार लाख कोटींच्या घरात आला. एवढाच आलेख पाहणारा वाचक जपानची अर्थव्यवस्था अकरा वर्षांत एक तृतीयांशाने आक्रसली असे म्हणेल. प्रत्यक्षात या काळात डॉलरचा भाव सुमारे 80 येनवरून सुमारे 140 येनवर गेला, आणि स्थिर किमतींत मोजले तर जपानचे उत्पादन थोडे वाढलेलेच दिसते. म्हणजे त्या आलेखात जपानी कारखान्यांपेक्षा विनिमय दराचीच हालचाल अधिक उमटली आहे. वर्षानुवर्षांचा कल पाहायचा असेल तर स्थिर किमतींची मालिका घ्यावी, आणि दोन देशांतील राहणीमानाची एका वर्षातील तुलना करायची असेल तर क्रयशक्ती समतेची घ्यावी, हा नियम निर्देशकाच्या नावाखाली दोन ओळींत छापला असता तर पुष्कळ चुकीचे निष्कर्ष टळले असते.

क्रयशक्ती समतेचे आकडे कोठून येतात हेही समजून घेण्यासारखे आहे. ‘इंटरनॅशनल कम्पॅरिझन प्रोग्रॅम’ नावाच्या जागतिक उपक्रमात सहभागी देशांतून तुलना करता येण्याजोग्या वस्तू आणि सेवा यांच्या किमती गोळा केल्या जातात, ज्यांत धान्य, कपडे आणि घरभाड्यापासून बांधकामाच्या खर्चापर्यंत सर्व काही येते, आणि त्यांवरून एका डॉलरची त्या त्या देशातील खरी खरेदीक्षमता काढली जाते. 2021 च्या फेरीत 176 अर्थव्यवस्थांचा समावेश होता आणि तिचे निष्कर्ष मे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. दोन फेऱ्यांमधील वर्षांचे आकडे मुख्यतः देशांच्या महागाईतील फरकावरून पुढे सरकवलेले असतात. त्यामुळे नवी फेरी आली की जुने चित्र हलते, आणि कधी कधी फारच हलते. 2005 च्या फेरीचे निष्कर्ष बाहेर आले तेव्हा चीनच्या अर्थव्यवस्थेचा क्रयशक्तीनुसार काढलेला आकार आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी निघाला. चीनमधल्या एकाही कारखान्याचे उत्पादन त्या दिवशी घटले नव्हते, पूर्वीचा अंदाज कच्च्या पायावर उभा होता एवढेच. म्हणून या मालिकांकडे मोजमाप म्हणून जरूर पाहावे, पण दोन देशांत पाच-सात टक्क्यांचा फरक दिसला तर त्यावर अनुमानांचे इमले चढवू नयेत.

जागतिक बँकेच्या संग्रहातील क्रयशक्ती समतेच्या मालिका 1990 पासूनच आहेत. दक्षिण कोरिया आणि अर्जेंटिना यांची वाट कोठे फुटली हे पाहायचे तर 1960 पर्यंत मागे जावे लागते, आणि तेथे स्थिर 2015 डॉलरचाच आधार उरतो. त्या मालिकेनुसार 1960 मध्ये अर्जेंटिनाचा दरडोई जीडीपी कोरियाच्या कित्येक पट होता. पुढच्या सहा दशकांत कोरियाचा आकडा सुमारे तीसपट झाला, तर अर्जेंटिनाचा दुपटीच्याही आत राहिला. असे दोन देश साध्या प्रमाणाच्या आलेखावर काढले की कोरियाची पहिली वीस-पंचवीस वर्षे जमिनीलगत सपाट दिसतात आणि सारी प्रगती अलीकडचीच वाटते. लघुगणकीय प्रमाणावर मात्र समान टक्केवारीची वाढ समान उंचीची दिसते, आणि कोरियाची झेप साठ-सत्तरच्या दशकांतच सुरू झाली होती हे लख्ख कळते. या बाबतीत ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ हे ऑक्सफर्डशी संलग्न संकेतस्थळ सरस आहे. तेथे अनेक आलेखांवर प्रमाण बदलण्याची सोय हाताशीच असते आणि आकड्यांचा मूळ स्रोत आलेखाखालीच नोंदवलेला असतो. 1960 च्याही मागे जायचे असेल तर 1950 पासूनची ‘पेन वर्ल्ड टेबल’ आणि त्याहून जुन्या काळासाठी ‘मॅडिसन प्रोजेक्ट’ हे दोन्ही संग्रह विनामूल्य आहेत. त्यांची सूत्रे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाकडे आहेत.

आकडे उतरवून घेण्याची सोय चांगली आहे, पण नवख्याला तीत एक खाचखळगा लागतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या तक्त्याच्या) स्वरूपात मिळणाऱ्या पुडक्यात तीन फाइली असतात: एक आकड्यांची, एक देशांच्या माहितीची आणि एक निर्देशकाच्या व्याख्येची. आकड्यांच्या फाइलीत वरच्या काही ओळी स्रोताच्या आणि तारखेच्या असतात, वर्षे आडव्या स्तंभांत मांडलेली असतात, आणि देशांच्या यादीत ‘जग’, ‘युरो क्षेत्र’, ‘उच्च उत्पन्न देश’ अशा समूहांच्या ओळीही मिसळलेल्या असतात. बेरीज किंवा क्रमवारी करण्याआधी हे समूह वगळले नाहीत तर एकाच देशाचा आकडा अनेकदा मोजला जातो. उपाय सोपा आहे. देशांच्या माहितीच्या फाइलीत समूहांपुढचा प्रदेशाचा रकाना कोरा असतो, त्यावरून ते गाळता येतात. हा उपाय फाइलीतच सांगितलेला नाही ही त्रुटी आहे, आणि समूहांची वेगळी फाइल देणे बँकेला मुळीच कठीण नाही. ज्यांना आर किंवा पायथन या संगणकभाषा येतात त्यांच्यासाठी एपीआयचा, म्हणजे प्रोग्रॅममधूनच थेट आकडे मागवण्याचा, मार्ग सर्वांत सुखाचा, आणि त्यासाठी परवाना-किल्लीही लागत नाही.

आता मागच्या दालनाकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालये वेळोवेळी जीडीपीचे आधारवर्ष बदलतात, म्हणजे अर्थव्यवस्थेतील कोणत्या क्षेत्राला किती वजन द्यायचे हे नव्याने ठरवतात. घानाने नोव्हेंबर 2010 मध्ये 1993 चे आधारवर्ष सोडून 2006 चे स्वीकारले आणि जीडीपी सुमारे 60 टक्क्यांनी वाढला. नायजेरियाने एप्रिल 2014 मध्ये 1990 ऐवजी 2010 हे आधारवर्ष घेतले आणि 2013 चा जीडीपी सुमारे 89 टक्क्यांनी वाढून तो देश दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून आफ्रिकेतील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. मोबाइल सेवा आणि चित्रपट उद्योग यांसारखी क्षेत्रे जुन्या हिशेबात जवळजवळ नव्हतीच, ती नव्या हिशेबात आली. अशा वेळी बँक सुधारित मालिका मागच्या वर्षांसह प्रसिद्ध करते, त्यामुळे नव्या फाइलीत ही उडी दिसत नाही. पण कोणी जुनी उतरवलेली फाइल नव्या फाइलीला जोडली तर एका वर्षात दुपटीच्या जवळ जाणारी, कधीच न घडलेली वाढ त्याच्या हाती येईल. वेगवेगळ्या दिवशी उतरवलेल्या फाइली एकमेकींना जोडू नयेत, आणि लेखात आकड्यासोबत तो उतरवल्याची तारीख द्यावी, ही शिस्त या क्षेत्रात अनिवार्य आहे. ‘डेटाबँक’ या साधनात या संग्रहाच्या जुन्या आवृत्त्याही जपून ठेवलेल्या आहेत. पूर्वी एखाद्या अभ्यासकाने केलेला दावा त्या वेळच्या आकड्यांवर तपासता येणे ही दुर्मीळ सोय आहे, आणि तिच्यासाठी मी बँकेचे मनापासून आभार मानतो.

जीडीपी हा आकडा अचूक असूनही दिशाभूल करू शकतो हे आयर्लंडने दाखवले. 2015 मध्ये त्या देशाचा जीडीपी एका वर्षात 25 टक्क्यांहून अधिक वाढल्याचे जाहीर झाले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडमध्ये हलवल्याचा तो परिणाम होता, आयरिश कुटुंबांच्या मिळकतीचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. त्यानंतर तेथील सांख्यिकी कार्यालयाने असे परिणाम वगळून सुधारित राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा देण्यास सुरुवात केली. गयानातही 2019 च्या अखेरीस तेल उत्पादन सुरू झाल्यावर 2022 मध्ये 60 टक्क्यांहून अधिक वाढ नोंदली गेली. बँकेच्या संग्रहात राष्ट्रीय उत्पन्न, घरगुती उपभोग आणि सरासरी आयुर्मान या मालिका शेजारीच आहेत. दरडोई जीडीपीची उडी दिसली की या तिन्ही मालिका उघडून पाहाव्यात. त्या स्थिर असतील तर वाढ कोणाच्या खात्यात गेली हा प्रश्न विचारायलाच हवा.

कोऱ्या जागांविषयी माझे मत ठाम आहे. व्हेनेझुएलाच्या जीडीपीची मालिका 2014 नंतर आणि एरिट्रियाची 2011 नंतर दीर्घकाळ रिकामी राहिली. उत्तर कोरियाची लोकसंख्या मिळते, जीडीपी मिळत नाही. तैवान तर देश म्हणून स्वतंत्र ओळीत नाहीच, त्यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संग्रहाकडे जावे लागते. वापरकर्त्याला हे त्रासदायक वाटते, पण विश्वासार्ह आकडा नसेल तर जागा रिकामी ठेवणे हाच प्रामाणिकपणा आहे. ‘गॅपमाइंडर’चा मार्ग वेगळा आहे. ओला रॉसलिंग, आना रॉसलिंग रॉनलुंड आणि हान्स रॉसलिंग यांनी 2005 मध्ये स्टॉकहोममध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने आडव्या अक्षावर उत्पन्न, उभ्यावर आयुर्मान आणि लोकसंख्येनुसार लहानमोठे बुडबुडे असा हलता आलेख लोकप्रिय केला. 1800 पासून आजपर्यंत सर्व देश एकाच चौकटीत सरकताना पाहणे हा खरोखर डोळे उघडणारा अनुभव आहे, आणि वर्गात शिकवण्यासाठी याहून प्रभावी साधन मला माहीत नाही. मात्र चित्र अखंड हलावे यासाठी त्यात पुष्कळ जागा ढोबळ अंदाजांनी भरलेल्या असतात आणि जुन्या काळालाही आजच्याच सीमा लावलेल्या असतात. संस्था हे लपवत नाही, पण बुडबुडा सरकताना मोजलेला आकडा आणि अंदाज यांत फरक दिसत नाही. कुतूहल जागवण्यासाठी गॅपमाइंडर वापरावे, लेखी निष्कर्षासाठी बँकेच्या फाइलीकडे परतावे.

बँकेविरुद्ध माझी सर्वांत गंभीर तक्रार विषमतेच्या मालिकेबद्दल आहे. गिनी निर्देशांक म्हणजे देशातील विषमता एका आकड्यात सांगणारे माप, आणि त्याच्या एकाच स्तंभात काही देशांचे आकडे उत्पन्नाच्या पाहणीवरून आणि काहींचे उपभोग खर्चाच्या पाहणीवरून काढलेले असतात. लॅटिन अमेरिकेत बहुतांशी उत्पन्न मोजले जाते, दक्षिण आशिया आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत बहुतांशी खर्च. श्रीमंत कुटुंबे मिळकतीचा मोठा हिस्सा शिल्लक टाकतात, त्यामुळे खर्चावरून काढलेली विषमता साधारणपणे कमी दिसते. ब्राझीलचा आकडा एखाद्या दक्षिण आशियाई देशाशेजारी ठेवून विषमतेची क्रमवारी लावणे म्हणूनच चूक आहे. बँकेच्याच दारिद्र्य आणि विषमता मंचावर प्रत्येक पाहणीचा प्रकार नोंदवलेला आहे. मग तीच खूण मुख्य संग्रहातील आकड्याला का चिकटवली जात नाही? ज्या आकड्यांवरून धोरणांची तरफदारी होते आणि सरकारांवर टीका होते, त्यांच्याबाबत एवढी काळजी घेणे बँकेचे कर्तव्य आहे.

विश्वासाच्या प्रश्नावर ‘डूइंग बिझनेस’ अहवालाचा उल्लेख टाळता येत नाही. व्यवसायसुलभतेची देशवार क्रमवारी लावणारा हा अहवाल 2018 आणि 2020 च्या आवृत्त्यांतील आकडेवारीत गैरप्रकार आढळल्यावर सप्टेंबर 2021 मध्ये बँकेने कायमचा बंद केला. त्यामुळे संपूर्ण संग्रहच संशयास्पद ठरवणे अन्यायाचे होईल, कारण त्या क्रमवारीत गुण देण्याला वाव होता, तर येथील बहुतेक मालिका राष्ट्रीय कार्यालये आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्था यांच्याकडून येतात आणि मूळ स्रोताशी ताडून पाहता येतात. अनेक बाबी एका गुणांकात कोंबणाऱ्या निर्देशांकांपेक्षा अशा सुट्या, पडताळता येणाऱ्या मालिकांवर मी अधिक भरवसा ठेवतो.

विद्यार्थी, पत्रकार आणि अर्थशास्त्राचे शिक्षक यांना ही सेवा मी आग्रहाने सुचवेन. आलेखापूर्वी निर्देशकाची व्याख्या आणि मर्यादा सांगणारे ‘तपशील’ हे पान उघडावे, मग स्थिर किमतींची मालिका घ्यावी, आणि तुलनेसाठी दोनच देश न निवडता त्याच प्रदेशातील आणखी चार-पाच देश सोबत ठेवावेत, म्हणजे निवडीचा पक्षपात लगेच उघडा पडतो. बँकेकडून तीन सुधारणांची अपेक्षा आहे: समूहांच्या ओळी वेगळ्या कराव्यात, गिनीच्या आकड्याला पाहणीचा प्रकार जोडावा आणि आज डेटाबँकेच्या आतल्या यादीत शोधाव्या लागणाऱ्या जुन्या आवृत्त्यांचा दुवा प्रत्येक निर्देशकाच्या पानावरच द्यावा.