इलेक्ट्रिक पिकअपमागे ट्रेलर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा हिशेब

ताकदीबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. ट्रक फोर्ड एफ-१५० लाइटनिंग, मोठ्या म्हणजे १३१ किलोवॅट-तासांच्या बॅटरीचा, मॅक्स ट्रेलर टो पॅकेजसह (जड ट्रेलर ओढायचा खास संच). कागदावर १०,००० पाउंड ओढायची परवानगी आणि ट्रेलरशिवाय ३०० ते ३२० मैलांची रेंज. मागे ६,००० पाउंडांचा कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, लावून हायवेच्या रॅम्पवर चढलात तरी ट्रक कण्हत नाही. गिअर खाली पडत नाही, इंजिन ओरडत नाही, वेग सरळ रेषेत वाढतो. बोट पाण्यात उतरवताना किंवा ट्रेलर इंचाइंचानं मागे घेताना जो ताबा मिळतो, तो पेट्रोल ट्रकमध्ये मिळत नाही. अडचण अंतराची आहे, आणि ब्रोशरात ओढायचा आकडा आणि रेंजचा आकडा एकाच पानावर असले तरी ते दोन्ही एकाच वेळी खरे नसतात.

एक गॅलन पेट्रोलमध्ये सुमारे ३३.७ किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे १३१ किलोवॅट-तासांची ही अवजड बॅटरी चार गॅलनही भरत नाही. एवढ्यावर ट्रक ३०० मैल जातो, कारण मोटर ऊर्जा फारशी वाया घालवत नाही. पेट्रोल इंजिन मात्र दोन तृतीयांशाहून अधिक ऊर्जा उष्णता म्हणून फेकून देतं. ट्रेलर लावला की प्रत्यक्ष कामच दुप्पट होतं. पेट्रोल ट्रकचंही तेच होतं: गॅलनला २० मैल देणारा ट्रक १० वर येतो. फक्त त्याची टाकी ३० गॅलनांची असेल तर तो तरीही ३०० मैल जातो आणि पाच मिनिटांत पुन्हा भरतो. त्यामुळे ‘इलेक्ट्रिक ट्रकची रेंज ट्रेलरमुळे निम्मी होते’ हे वाक्य खरं असलं तरी अर्धवट आहे. निम्मी सगळ्यांचीच होते. चार गॅलनांचं निम्मं मात्र झोंबतं.

ट्रेलर निवडताना बहुतेक जण वजन बघतात. बघायला हवं ते ट्रेलरचं कपाळ. ६,००० पाउंडांच्या ट्रेलरच्या चाकांचं घर्षण मैलामागे ०.१२ ते ०.१५ किलोवॅट-तास खातं. उंच, चौकोनी कॅम्परची ट्रकच्या टपावर आणि दोन्ही बाजूंना जी भिंत उरते, ती ताशी ६५ मैलांच्या वेगाला मैलामागे साधारण अर्धा किलोवॅट-तास खाते. ट्रकचा स्वतःचा खर्च अर्ध्याच्या आसपास. बेरीज १.१ किंवा त्याहून थोडी जास्त, म्हणजे एका किलोवॅट-तासात ०.९ मैल. म्हणून ३,५०० पाउंडांचा रिकामा पण उंच बंदिस्त ट्रेलर, ६,००० पाउंड लोखंड लादलेल्या सपाट ट्रेलरपेक्षा महाग पडतो. सपाट ट्रेलर, बुटकी बोट किंवा टिअरड्रॉप (थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पर) असेल तर किलोवॅट-तासाला १.३ ते १.६ मैल मिळतात. टीव्ही-फ्रिज बाहेर काढून कॅम्पर हलका करायचे उद्योग केले तर पेलोडला (ट्रकवर लादता येणाऱ्या वजनाला) मदत होते, रेंजला जेमतेम.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानुसार वाढतो. ५५ वरून ६५ मैलांवर गेलात की तो ४० टक्क्यांनी वाढतो. ५५ ला १.१ मैल देणारा तोच कॅम्पर ६५ ला ०.९ वर येतो. ६५ च्या वेगात समोरून १५ मैलांचं वारं असेल तर हवेच्या लेखी तुम्ही ८० ने चालला आहात, म्हणजे विरोध दीडपट. हवामानाच्या अॅपमध्ये पाऊस बघण्याआधी वाऱ्याची दिशा बघायची सवय लावून घ्या. वेगाची वेगळी खूण नसलेल्या एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) टायरांची मर्यादाही ६५ मैलांचीच असते, तेव्हा ६० वर क्रूझ लावून उजव्या लेनमध्ये राहण्यात कमीपणा नाही.

आता टप्प्याचा हिशेब. घरून १०० टक्के भरून निघालात आणि १० टक्क्यांवर थांबलात तर ११८ किलोवॅट-तास वापरता, ०.९ नं १०६ मैल. पुढचे टप्पे ८० ते १० टक्क्यांमधले, कारण ८० च्या वर चार्जिंगचा वेग इतका पडतो की थांबणं परवडत नाही. ते ९२ किलोवॅट-तास, म्हणजे ८३ मैल. ३०० मैलांच्या प्रवासात तीन थांबे आले. १५ ते ८० टक्के व्हायला चांगल्या चार्जरवर ४० ते ४५ मिनिटं, शिवाय एखाद्या थांब्यावर ट्रेलर सोडणं-जोडणं. पेट्रोलवर साडेपाच तासांत होणारा प्रवास साडेसात-आठ तासांचा होतो. आणि हे सगळे चार्जर चालू आणि रिकामे असल्यास. १० टक्के शिल्लक ठेवायचे ते याचसाठी: पुढचा चार्जर बंद निघाला तर त्या १० टक्क्यांत ट्रेलरसकट जेमतेम १२ मैल जाता येतं, ट्रेलर तिथेच सोडला तर २५. म्हणून एकुलत्या एक चार्जरवर टप्पा कधी संपवू नये. आसपास दुसरं ठिकाण असेल तेच निवडावं.

रिव्हियन आर-१-टी आणि सायबरट्रक यांची ओढण्याची मर्यादा ११,००० पाउंड असली तरी बॅटऱ्या याच आकाराच्या आसपास आहेत, त्यामुळे उंच कॅम्पर मागे असताना त्यांचाही टप्पा फार वेगळा येणार नाही. शेव्हरोले सिल्व्हराडो ईव्हीच्या मोठ्या आवृत्तीत २०० किलोवॅट-तासांहून मोठी बॅटरी आणि ३५० किलोवॅटपर्यंत चार्जिंग आहे. तिथे टप्पा १३० मैलांच्या पुढे जातो. त्याची किंमत ट्रकच्या वजनात मोजावी लागते, तो साडेआठ हजार पाउंडांच्या घरात आहे.

खरी कटकट चार्जिंगच्या जागेवर होते. ट्रक साडेएकोणीस फूट, कॅम्पर २५ फूट. ही ४५ फुटांची आगगाडी कारसाठी आखलेल्या जागेत मावत नाही. आरपार जाता येईल अशा बे, म्हणजे चार्जिंगच्या जागा, अजून कमी आहेत. लाइटनिंगचं चार्जिंग पोर्ट ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या फेंडरवर आहे. फेब्रुवारी २०२४ पासून फोर्डला टेस्लाचे सुपरचार्जर अॅडॅप्टर लावून वापरता येतात, पण जुने व्ही-२ चार्जर चालत नाहीत आणि व्ही-३ ची केबल टेस्लाच्या मागच्या कोपऱ्यातल्या पोर्टसाठी मापलेली आहे. त्यामुळे ट्रक तिरका किंवा दोन जागा अडवून उभा करावा लागतो. निघण्याआधी प्रत्येक ठिकाणाचा उपग्रह नकाशा उघडून बघा: टोकाची बे कुठे आहे, ट्रेलर सोडायला सपाट जागा आहे का, ट्रेलर लावून बाहेर वळता येतं का. सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

ट्रेलर सोडायची वेळ आलीच तर क्रम मोडू नका. आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मग कपलर (ट्रेलरचा जोड) ट्रकच्या बॉलवर बंद असतानाच जॅकनं ट्रेलरची जीभ, म्हणजे पुढचा दांडा, आणि ट्रकची मागची बाजू दोन्ही एकत्र उचला, म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशनच्या (भार वाटून देणाऱ्या) दांड्यांवरचा ताण जातो आणि त्या हातानं निघतात. न उचलता दांडी सोडवायला गेलात तर ती हनुवटीवर बसू शकते. त्यानंतर जॅक थोडा खाली, कपलरची कडी उघडा, पुन्हा वर, बॉल मोकळा. सात-पिनी विजेचा प्लग, ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) आणि साखळ्या शेवटी. ब्रेकअवेची तार तशीच राहिली आणि ट्रक पुढे गेला तर पिन निघते, ट्रेलरचे ब्रेक जाम होतात आणि ट्रेलरची १२ व्होल्टची बॅटरी उतरते. मग इलेक्ट्रिक जॅकही चालत नाही. हातानं फिरवायचं हँडल म्हणूनच सामानात वर ठेवावं. उतारावरच्या पार्किंगमध्ये सोडूच नये, दुसरा चार्जर शोधावा. सरावानंतर सोडायला दहा मिनिटं, जोडायला पंधरा.

पेलोडकडे फार कमी जण बघतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीच्या स्टिकरवर तुमच्याच ट्रकचा आकडा असतो. मोठी बॅटरी आणि वरचा ट्रिम घेतला की तो घटतो. समजा तो १,७०० पाउंड आहे. ७,००० पाउंडांच्या कॅम्परचा जिभेवरचा भार साडेबारा टक्क्यांनी ८७५, हिच (ट्रकमागचा जोड) ९०, चार माणसं ६५०, ट्रकच्या हौद्यात सामान २००. झाले १,८१५. ओढायची मर्यादा तीन हजारांनी दूर असताना पेलोड संपला. हा भार कमी करायला सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवणं हा सगळ्यात वाईट उपाय. बैलगाडीच्या भाषेत ट्रेलर उलार होतो, आणि उलार ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो. जिभेवर १० ते १५ टक्के भार हवाच. चार माणसांच्या कुटुंबासाठी ५,५०० ते ६,००० पाउंड भरलेलं वजन ही या ट्रकची व्यवहारी मर्यादा मानावी.

चढाचा हिशेब वेगळा करावा लागतो. ट्रक, ट्रेलर आणि माणसं मिळून १३,००० पाउंड धरा. कोलोराडोतलं डेन्व्हर ५,२८० फुटांवर, तिथून जाणाऱ्या आय-७० हायवेवरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. एवढं वजन एवढं वर चढवायला २९ किलोवॅट-तास लागतात, मोटरमधली गळती धरून ३३ च्या आसपास. सपाटीवरच्या खर्चावर हा वेगळा. म्हणजे फक्त चढाईत पाव बॅटरी. उतरताना यातला बराच भाग रीजननं (वेग रोखताना मोटरच वीज बनवते) परत येतो आणि ब्रेक थंड राहतात, पण बॅटरीत जागा असेल तरच. डोंगरमाथ्यावर १०० टक्के भरून घेतलं तर रीजनला काम उरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ओल्या किंवा बर्फाळ उतारावर वन-पेडल (पाय उचलताच ट्रक जोरात रोखणारी सोय) बंद करा आणि ट्रेलर ब्रेकची कळ हातानं हलकी दाबून मागचा ट्रेलर ताणलेला ठेवा. ट्रेलर ब्रेक कंट्रोलरचा गेन (ब्रेकचा जोर) प्रत्येक वेळी सामान भरल्यावर २०-२५ मैलांच्या वेगाला तपासावा: चाकं घसरू लागतील त्याच्या जरा खाली.

थंडीबद्दल एक उलटं निरीक्षण. ट्रेलरशिवाय केबिनचा हीटर रेंजचा मोठा लचका तोडतो. ट्रेलर मागे असताना मोटर ७० किलोवॅट सतत खात असते, त्यात हीटरचे तीन-चार किलोवॅट जाणवतही नाहीत. फटका दुसरीकडून बसतो: उणे १० अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा १३ टक्के दाट असते, आणि गार बॅटरी चार्ज व्हायला वेळ घेते. चार्जरचा पत्ता ट्रकच्या नेव्हिगेशनमध्ये टाकला तरच बॅटरी आधी गरम करून ठेवली जाते. फोनवरचा नकाशा लावून गेलात तर ट्रकला पत्ताच नसतो.

डॅशबोर्डवरच्या उरलेल्या मैलांवर पहिले पंधरा मैल विश्वास ठेवू नका. मैल प्रति किलोवॅट-तास हाच आकडा बघा. ए बेटर रूटप्लॅनर या अॅपमध्ये ६५ मैलांच्या वेगाचा खर्च हातानं भरता येतो. उंच कॅम्परसाठी मैलाला १,१०० वॅट-तास टाकून सुरुवात करा आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर सुधारा.

ट्रेलरशिवाय लांबचा प्रवास सोपा आहे: ७० मैलांच्या वेगाला किलोवॅट-तासाला दोन मैलांच्या आसपास मिळतात, म्हणजे अडीच तासांनी एक थांबा. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कॅम्पग्राउंडवर मात्र हा ट्रक आपली बाजू राखतो. ५० अँपिअरच्या सॉकेटमधून सतत ४० अँपिअर घेता येतात, २४० व्होल्टला ९.६ किलोवॅट, २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला बारा तास. ठिकाणी २०८ व्होल्ट असतील तर चौदा. ३० अँपिअरच्या १२० व्होल्ट सॉकेटवर रात्रभरात २५ किलोवॅट-तास मिळतात, म्हणजे ट्रेलरसकट वीस-बावीस मैल. कॅम्पर स्वतः ५० अँपिअरचा असेल तर एकाच खांबावर दोघांना जागा नाही. ३० अँपिअरचा असेल तर तो तिकडे आणि ट्रक ५० वर. बुकिंग करतानाच विचारा, काही ठिकाणी वाहन चार्ज करायला बंदी असते किंवा वेगळे पैसे लागतात. उलट, वीज नसलेल्या जागी ९.६ किलोवॅटचं प्रो पॉवर (ट्रकमधून वीज बाहेर देणारी सोय) असेल तर हौद्यातल्या सॉकेटवर कॅम्परचा एसी रात्रभर चालवून आठ-दहा किलोवॅट-तासच जातात, आणि जनरेटरचा आवाज नाही. सॉकेटवरून चार्ज करताना अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघा. हजार वेळा काढलेल्या-घातलेल्या सॉकेटची पकड सैल झालेली असते आणि सैल पकड तापते. हात ठेववत नसेल तर ताबडतोब बंद करून दुसरी जागा मागा. नुसतं कोमट असेल तर ४० ऐवजी ३२ अँपिअर लावा. ७.७ किलोवॅटनं सकाळी थोडं उशिरा निघावं लागेल, एवढंच.