टिळक की गांधी? भाषणाला माणूस निवडणाऱ्या भाचीसाठी

भाचीच्या कॉलेजमध्ये वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय ‘चळवळीचं नेतृत्व आणि त्याची किंमत’, वेळ आठ मिनिटं, माणूस एकच घ्यायचा. परवा रात्री साडेअकराला मेसेज, मावशी टिळक घेऊ की गांधी, पटकन सांग. पटकन सांगण्यातलं नव्हतं म्हणून सगळं नीट लिहून काढलं, अजून कोणाची पोरं याच पेचात असतील तर त्यांनाही होईल.

आधीच सांगते, ‘देशासाठी सर्वस्व वाहिलं’ टाईप भाषण करणार असशील तर दोघांपैकी कोणीही घे, परीक्षक दोन्हीला सारख्याच जांभया देतील. पण किंमत म्हणजे नक्की कोणी मोजली हे सांगायचं असेल तर दोघांचं मटेरियल एकदम वेगळं आहे.

शिक्षा कागदावर सेम. राजद्रोह, सहा वर्षं. टिळकांना 22 जुलै 1908 ला रात्री सुनावली, दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न पूर्ण होणार होती. गांधींना 1922 ला, आणि त्यांनी कोर्टात सांगितलंही की टिळकांच्या नावाबरोबर माझं नाव घेतलं जातंय हा मी मान समजतो. पण गांधींना येरवड्यात अपेंडिक्सचा त्रास झाला, जानेवारी 1924 ला ससूनमध्ये ऑपरेशन झालं (मध्येच लाईट गेली, कंदिलाच्या उजेडात पुरं केलं, म्हणजे पुण्यात लाईट तेव्हापासूनच जाते) आणि फेब्रुवारीत सुटले. टिळक ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात, डायबेटिस घेऊन, जवळजवळ पूर्ण सहा वर्षं काढून जून 1914 ला रात्री पुण्यात गायकवाड वाड्याच्या (म्हणजे आताच्या केसरीवाड्याच्या) दारात परत आले.

आता बायका. इथे जरा थांबावं लागतं.

सत्यभामाबाई पुण्यात 7 जून 1912 ला गेल्या. टिळक मंडालेत, त्यांना तार गेली. म्हणजे ज्या माणसाला शिक्षा झाली म्हणून मुंबईत गिरण्या बंद पडल्या त्याला बायको गेल्याचं कागदावर वाचावं लागलं, आणि नंतर भाच्याला पत्र लिहून पोरांचं कसं करायचं ते कळवायचं, बस एवढंच हातात. सुटकेला अजून दोन वर्षं होती.

कस्तुरबा गेल्या 22 फेब्रुवारी 1944 ला, महाशिवरात्रीला, पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असताना, आणि गांधी शेजारीच होते, डोकं त्यांच्या मांडीवर होतं. वाचताना वाटतं, चला, हे तरी बरं. पण मुलाने, देवदासने, पेनिसिलिन मागवलेलं होतं, त्या काळात ते मिळणं म्हणजे कर्मकठीण, आणि गांधींना कळलं की दर काही तासांनी इंजेक्शन टोचावं लागणार तेव्हा ते नको म्हणाले, आता कशाला तिला त्रास. बरोबर की चूक ते तू ठरव. मी दोन्ही बाजूंनी भांडू शकते, आणि घरी भांडलेही आहे. तिथे मागच्या बाजूला दोन समाध्या आहेत, एक कस्तुरबांची, दुसरी गांधींचे सेक्रेटरी महादेवभाई देसाईंची. महादेवभाई 15 ऑगस्ट 1942 ला गेले, अटक होऊन जेमतेम सहा दिवस झाले होते, वय पन्नास. लोक समाधीपाशी दोन मिनिटं उभे राहतात आणि लगेच लॉनवर फोटो काढायला पळतात, मीही पळाले होते पहिल्यांदा.

मुलांचं सांगायलाच नको. गांधींच्या थोरल्या हरिलालला बॅरिस्टर व्हायचं होतं, वडिलांनी ती संधी दुसऱ्याला दिली आणि पुढे बाप-लेकाचं कधी जमलंच नाही. टिळकांचा श्रीधर, बापू म्हणायचे त्याला, तो वडिलांच्या पश्चात केसरीच्या ट्रस्टींशी भांडत राहिला, आंबेडकरांशी त्याची मैत्री, वाड्यात अस्पृश्यांबरोबर सहभोजन घडवून आणलं, आणि मे 1928 ला भांबुर्ड्याजवळ (आताचं शिवाजीनगर) रेल्वेखाली जीव दिला. पुण्यात या विषयावर कोणी फारसं बोलत नाही. तू बोललीस तर हॉल गप्प होईल, फक्त रडकं करू नको.

राजकीय दबावात मला टिळक जास्त इंटरेस्टिंग वाटतात, कारण त्यांच्यावरचा दबाव नुसता सरकारचा नव्हता, गल्लीतला होता. ताई महाराज प्रकरण वाच. 1897 ला राजद्रोहाच्या केसमध्ये जामिनावर सुटून घरी येतात न येतात तोच मित्र बाबा महाराज मरणाच्या दारात, म्हणाले माझ्या इस्टेटीचं तुम्ही बघा, आणि हे हो म्हणाले. भिडेला बळी पडणं म्हणतात ना, ते हे! पुढे त्यांच्या तरुण विधवेने, म्हणजे ताई महाराजांनी, दत्तक घेतला, मग तिचं मन फिरलं, दुसरा दत्तक घेतला, आणि टिळकांवरच खोटी साक्ष दिल्याचा खटला. 1903 ला मॅजिस्ट्रेटने दीड वर्षाची शिक्षा दिली, त्याच वर्षी थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला, 1904 ला हायकोर्टाने निर्दोष सोडलं, पण दत्तकाचा वाद मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन 1915 ला मिटला. एका ‘हो’ची अठरा वर्षं.

पण टिळक घेतलेस तर 1891 टाळू नको. मुलींसाठी संबंधांचं किमान वय 10 वरून 12 करायचा कायदा येत होता आणि टिळक विरोधात उभे राहिले, सरकारने आमच्या घरात नाक खुपसू नये म्हणून. ज्या लोकांच्या जोरावर पुढारी झालो त्यांना दुखवायचं नाही, हा पण दबावच, आणि त्याची किंमत टिळकांनी नाही मोजली, मुलींनी मोजली. गांधींचा असाच अवघड प्रसंग सप्टेंबर 1932 चा, दलितांना स्वतंत्र मतदारसंघ नकोत म्हणून येरवड्यात केलेलं उपोषण. तिथे दबाव गांधींवर नव्हता, आंबेडकरांवर होता, कारण गांधींचं काही झालं असतं तर खेड्यापाड्यातल्या दलितांचं काय झालं असतं हे सांगायला नको. करार झाला, राखीव जागा 71 च्या 148 झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. आठ मिनिटांत हे नीट मांडणं अवघड आहे, अर्धवट मांडशील तर मांडूच नको.

(गोखल्यांचं पण सुचवणार होते. 1897 ला प्लेगमधल्या सोल्जरांवर इंग्लंडमध्ये आरोप केले, पुरावा देता येईना, परत येऊन जाहीर माफी मागितली, आणि गावाने फाडून खाल्लं. स्पर्धेत कोणी घेणार नाही, पण तू दोघांतच विचारलंस.)

तर माझं मत टिळक. गांधींवर निम्मा वर्ग बोलणार, पेनिसिलिनही कोणीतरी आणेलच. ताई महाराज कोणी आणणार नाही. बायको, खटला आणि 1891, एवढ्या तीनच गोष्टी घे, मंडालेवर एक वाक्य पुरे, गीतारहस्य पेन्सिलीने लिहिलं हे परीक्षकांना तोंडपाठ आहे.

शनिवारी सकाळी मी मोकळी आहे. आधी नारायण पेठेत केसरीवाडा बघू, मग मेट्रोने कल्याणीनगरला उतरून आगाखान, तिथेही मत बदललं नाही तर लॉनवर बसून बोलून दाखव, घड्याळ मी लावते.