फॅटी ॲसिडची तपासणी: प्लाझ्मातली करावी की तांबड्या पेशींतली?

पन्नाशी-साठीनंतर रक्तातली फॅटी ॲसिडं (चरबीचे घटक) मोजून घ्यायची असतील तर आधी हे ठरवावं लागतं. सुई एकच टोचते, पण प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा रक्ताचा द्रव भाग) आणि तांबड्या पेशी वेगवेगळ्या काळाबद्दल बोलतात.

प्लाझ्माला कालपरवाचंच आठवतं. रात्री मासे चापले की सकाळी ईपीए (माशांतलं एक ओमेगा-3 फॅटी ॲसिड) वर, चार दिवस खाल्ले नाहीत की पुन्हा खाली. त्यातली मोकळी फॅटी ॲसिडं तर भलतीच चंचल. उपाशी राहिलात की साठलेली चरबी सुटते आणि आकडा चढतो. जेवलात की इन्सुलिन त्याला खाली ओढतं. वयानुसार काय बदललं हे अशा आकड्यावरून कसं कळणार?

तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, त्यामुळे तिच्या आवरणात गेल्या काही महिन्यांचा हिशेब सापडतो. विल्यम हॅरिस आणि क्लेमेन्स फॉन शाकी या संशोधकांनी 2004 मध्ये सुचवलेला ओमेगा-3 इंडेक्स यावरच उभा आहे. आवरणातल्या एकूण फॅटी ॲसिडपैकी ईपीए आणि डीएचए (माशांतलंच दुसरं ओमेगा-3) मिळून किती टक्के, एवढंच तो सांगतो. 8 किंवा अधिक चांगलं, 4 च्या खाली कमी.

खरी मेख पुढे आहे. उतारवयात हा आकडा बहुधा थोडा वरच असतो. त्यात खाण्याचा वाटा आहेच, पण सारखीच मात्रा दिली तरी वयस्कांच्या प्लाझ्मात डीएचए तरुणांपेक्षा जास्त चढल्याचं प्रयोगांत दिसलंय. तेव्हा मुलाच्या रिपोर्टशेजारी आपला ठेवून खूश होऊ नका. बायकांचं गणित आणखी निराळं: वनस्पतीजन्य ओमेगा-3 पासून डीएचए बनवायला तरुणपणी इस्ट्रोजेनची मदत असते, पाळी गेल्यावर ती आटते.

माझा कौल पेशींच्या बाजूने. एक अडचण मात्र आहे. पेशींत लोह असतं, त्यामुळे नमुना पुरेसा थंड ठेवला नाही तर नेमकी हीच नाजूक ॲसिडं खराब होतात आणि आकडा खोटाच कमी येतो. नमुना कसा साठवता, हे लॅबला बेलाशक विचारा. दुसरी तपासणी तीन-चार महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये.

आणि साधा लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड अशा रक्तातल्या चरबीची नेहमीची तपासणी) अजून केलेलाच नसेल, तर आधी तो. कुठलं ॲसिड किती, हे त्यात कळत नाही. पण उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड 150 mg/dL च्या वर निघालं, तर आधी त्यासाठी डॉक्टरांना भेटा. ओमेगा-3 चे टक्के नंतर मोजता येतील.