मराठी कादंबरीसाठी स्क्रिव्हनर ३: घेण्यासारखं काय, अडतं कुठे

मोठं लेखन साधारण दोन ठिकाणी अडतं. एक तर पहिला खर्डा साठ-सत्तर पानांवर थांबतो, नाहीतर तो पुरा होतो आणि पुनर्लेखनाला हात लावायचा धीर होत नाही. ‘लिटरेचर अँड लाते’ कंपनीचं स्क्रिव्हनर हे मोठ्या लेखनासाठीचं सॉफ्टवेअर नेमकं या दोन जागी कामाला येतं. कॉर्कबोर्डवरची कार्डं आणि पात्रांच्या टिपणांचे साचे यांचं कौतुक जास्त होतं, पण ती कामं वहीतही होतात. पैसे मोजायचे ते रोजच्या शब्दांच्या लक्ष्यासाठी आणि स्नॅपशॉटसाठी, म्हणजे मजकुराची जुनी प्रत गोठवून ठेवण्याच्या सोयीसाठी.

किंमत साधारण ६० डॉलर, एकदाच. मॅक आणि विंडोजचे परवाने वेगळे, आयफोन-आयपॅडचं ॲप आणखी वेगळं. अँड्रॉइडसाठी ॲप नाही, त्यामुळे सगळं लेखन अशा फोनवरच करणाऱ्यांना याचा उपयोग नाही. आधी ३० दिवस फुकट वापरता येतं आणि त्यात प्रत्यक्ष वापरलेलेच दिवस मोजले जातात. आठवड्यातून दोनदा उघडलंत तर १५ आठवडे पुरतं. तेवढ्यात निर्णय होतो.

मराठीत काम सुरू करण्याआधी मूळ फॉन्ट बदला. विंडोजवर निर्मला यूआय चालतो. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट घ्या, लांब मजकूर त्यात डोळ्यांना सुखावतो. ही सेटिंग फक्त नव्या दस्तऐवजांना लागते. जुन्यांसाठी ‘डॉक्युमेंट्स’ मेनूतल्या ‘कन्व्हर्ट’मध्ये जाऊन मजकूर मूळ मांडणीत आणावा लागतो. शब्दांखाली लाल रेषा येत असतील तर स्पेल चेक बंदच करा.

आता लक्ष्य. ‘प्रोजेक्ट टार्गेट्स’च्या खिडकीत दोन आकडे भरायचे असतात: संपूर्ण खर्ड्याचा आणि एका बैठकीचा. इंग्रजी लेखकांचा रोज १,६६७ शब्दांचा आकडा तसाच उचलू नका. तो ३० दिवसांत ५०,००० शब्द या हिशेबातून आला आहे आणि मराठीला जड जातो, कारण आपण प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितो. तेवढ्याच मजकुराचे मराठीत शब्द कमी भरतात. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला बैठकीला ५०० शब्द पुरेत. आठवड्याला पाच बैठका धरल्या तर ६०,००० शब्दांचा खर्डा २४ आठवड्यांत होतो.

अंतिम तारीख देऊन रोजचं लक्ष्य आपोआप काढायची सोयही आहे, पण पहिल्या खर्ड्याला ती वापरू नये. १२० दिवसांपैकी ६० उलटले आणि हातात २०,००० शब्दच असले, तर ५०० चं लक्ष्य ६६७ होतं. मागे पडलेल्यावर रोज थोडं जास्त ओझं, आणि मग फाइल उघडणंच टळतं. आकडा स्थिर ठेवा. रात्री उशिरा लिहीत असाल तर बैठकीची मोजणी शून्यावर येण्याची वेळ मध्यरात्रीनंतर ढकला. पुनर्लेखन सुरू झालं की शब्दांचं लक्ष्य काढूनच टाका, कारण खोडलेले शब्द बैठकीच्या आकड्यातून वजा होतात. चारशे शब्द कापून प्रसंग धारदार केलात, तरी लक्ष्याची पट्टी रिकामीच दिसते. त्या काळात प्रत्येक प्रसंगाचं ‘स्टेटस’ (पहिला खर्डा, सुधारलेला, पुरा अशी खूण) बदलत जाणं हेच प्रगतीचं माप.

स्नॅपशॉट ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. प्रसंगाला हात लावण्याआधी त्याची प्रत गोठवायची, तिला ‘संवाद कापण्यापूर्वी’ असं ओळखू येईल असं नाव द्यायचं आणि मग निर्धास्त मोडतोड करायची. नंतर ‘कम्पेअर’ केलं की काढलेला आणि नव्याने आलेला मजकूर वेगळ्या रंगांत दिसतो. असे आठ-दहा प्रसंग ओळीने पाहा. प्रत्येक वेळी पहिला परिच्छेद उडालेला दिसला तर तुम्ही प्रसंगात फार लवकर शिरता. ‘जणू’, ‘अचानक’, ‘खरं तर’ सतत खोडलेले दिसले तर ती सवय आहे, पुढच्या खर्ड्यात लिहितानाच सावध व्हाल. स्वतःच्या लेखनाचं इतकं नेमकं परीक्षण दुसरं कोणी क्वचितच करून देईल.

मात्र स्नॅपशॉट एका दस्तऐवजापुरता असतो. अख्खं प्रकरण एकाच फाइलीत असेल तर तुलना वाचवत नाही, म्हणून प्रसंगागणिक, ८०० ते १,५०० शब्दांचे तुकडे करा. ‘त्याने’चं ‘त्यानं’ करण्यासारखे बदल वेगळ्या फेरीत, वेगळ्या स्नॅपशॉटनंतर करा. नाहीतर सगळं पान रंगतं आणि खरा बदल हरवतो. आपोआप जतन होणं म्हणजे स्नॅपशॉट नव्हे, ते जुन्या मजकुरावरच होतं. विसरायला होत असेल तर हाताने सेव्ह करताना स्नॅपशॉट घेण्याचा पर्याय सेटिंगमध्ये चालू करा.

कंपाइल, म्हणजे तुकडे जोडून एकसंध हस्तलिखित काढणं, हा याचा कच्चा भाग. तयार साच्यांचे स्वतःचे फॉन्ट असतात आणि शीर्षकं ‘चॅप्टर वन’ अशी इंग्रजीत उमटतात. कंपाइलच्या खिडकीतच देवनागरी फॉन्ट निवडा, प्रकरणांची नावं आणि आकडे स्वतः टाइप करा, तिरपा ठसा (इटॅलिक) टाळा आणि वर्डची फाइल काढून सजावट तिथे करा. प्रकाशक श्रीलिपी या देवनागरी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असेल तर रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द आधी तपासा. अर्धा र तिथेच बिघडतो.

प्रोजेक्ट ड्रॉपबॉक्समध्ये ठेवणार असाल तर दोन संगणकांवर एकाच वेळी उघडू नका आणि सिंक पुरं होईपर्यंत लॅपटॉपचं झाकण मिटू नका. स्क्रिव्हनरचा प्रोजेक्ट म्हणजे अनेक छोट्या फाइलींचा फोल्डर असतो. अर्ध्याच चढल्या तर प्रसंग गायब झाल्यासारखे दिसतात. प्रोजेक्ट बंद करताना निघणारी झिप प्रत ड्रॉपबॉक्सबाहेर, दुसऱ्या डिस्कवर जाईल असं करा आणि साठवायच्या प्रतींची संख्या वाढवून घ्या.

कथा, स्तंभ, दोन-तीन हजार शब्दांचे लेख एवढंच लिहीत असाल तर हा खर्च करू नका, गूगल डॉक्समधला आवृत्त्यांचा इतिहास पुरतो. कादंबरी, चरित्र, प्रबंध असं काही हातात असेल तर घ्या.